विणकाम आणि वाचन दोन्ही: तुकड्यातुकड्यांच्या वेळात कसं बसवायचं? (नागपूरकरांसाठी धागा)

उलटसुलट · शनिवार, रात्री ९:४०

"रोज एक तास स्वतःसाठी काढा" हा सल्ला इथे कृपया नको. सलग तास कुणाकडेच नसतो. निघतात ते तुकडे: मेट्रोतली वीस-पंचवीस मिनिटं, धरमपेठेत मुलांच्या क्लासबाहेरची पाऊण तासाची वाट, रात्री ओटा आवरल्यावरची अर्धी घटका. त्यातच विणायचं आणि त्यातच वाचायचं.

माझं मत आधीच मांडते. कामाला किती वेळ लागतो हे नंतर बघावं. ते मध्येच सोडता येतं का, आणि परत हातात घेतल्यावर किती सेकंदांत पुन्हा सुरू होतं, हे आधी बघावं. वेणीची वीण वीस मिनिटांच्या तुकड्यात बसत नाही. त्यातली सात मिनिटं "कुठे होतो आपण" यातच जातात. सगळ्या ओळी सुलट असलेला मफलर बसतो. पुस्तकांचंही तसंच.

म्हणून नेमकं सांगा: कोणती वीण, किती टाके, कोणत्या नंबरची सुई, कोणत्या प्रकारचं वाचन, आणि कुठे बिघडतं. अनुभवकथन दुसऱ्या धाग्यावर.

---

गुंडा_पन्नासग्रॅम · शनिवार, रात्री १०:१५

आधी हिशेब करू, म्हणजे अपेक्षा जागेवर राहतात.

डीके म्हणजे मध्यम जाडीची लोकर आणि ८ नंबरची म्हणजे ४ मिमीची सुई घेतली की साधारण २० टाक्यांना १० सेंमी रुंदी येते. ४० टाके घातले की २० सेंमीचा मफलर. सगळ्या ओळी सुलट असतील तर १० सेंमी लांबीला जवळपास ४० ओळी लागतात. १५० सेंमी लांबी हवी तर ६०० ओळी, म्हणजे २४,००० टाके. लोकर १५० ग्रॅमच्या आसपास. झालर लावायची असेल तर २०० घ्या.

मध्यम हाताचा माणूस मिनिटाला २० टाके विणतो. वीस मिनिटांत ४००, म्हणजे १० ओळी, म्हणजे अडीच सेंमी. रोज एवढंच झालं तरी ६० दिवसांत मफलर पुरा. पोळ्याला टाके घातले तर दिवाळीला गळ्यात, आणि नागपुरात गळ्यात काही घालावंसं वाटायला लागतं तेही त्यानंतरच. डिसेंबरात सुरू केलेला मफलर फेब्रुवारीत तयार होतो आणि थेट ट्रंकेत जातो.

थंडी इथे जेमतेम दोन-अडीच महिने, त्यातही पहाटे आणि रात्री. म्हणून पूर्ण बाह्यांच्या जाड स्वेटरच्या मागे लागण्यापेक्षा बिनबाह्यांचा स्वेटर, टोपी, मफलर यांचा उपयोग जास्त. बिनबाह्यांच्या मोठ्या मापाला ३०० ते ३५० ग्रॅम, पूर्ण बाह्यांना ४५० ते ५०० लागते.

---

पानखूण · शनिवार, रात्री १०:५२

वाचनाचाही हिशेब तसाच. नेहमीच्या आकाराच्या मराठी पुस्तकात पानाला अडीचशे-तीनशे शब्द येतात. मनात, न घाई करता वाचलं तर एका पानाला दीड ते दोन मिनिटं. वर गुंडा यांनी सांगितलेली ४० टाक्यांची ओळसुद्धा दोन मिनिटांची. म्हणजे एक ओळ, एक पान. ओळ संपली की सुई फिरवायची आणि त्याच वेळी पान उलटायचं. दोन्ही एकदम करणाऱ्यांनी मफलरची रुंदी यावरूनच ठरवावी. ६० टाक्यांची ओळ घेतली तर पान मध्येच संपतं, हात थांबतो आणि तिथेच टाका सुटतो.

पुस्तक उघडं राहायला पोथी ठेवायची लाकडी रेहल उत्तम. ज्ञानेश्वरीच्या पारायणाची घरात असतेच, वर्षातले अकरा महिने ती रिकामी. टेबलावर ठेवून पुस्तक डोळ्यांपासून ४०-४५ सेंमीवर येईल असं बघा, नाहीतर मान वाकते. दोन्ही बाजूंच्या पानांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावा, पण १०-१२ पानांनी सरकवत राहा. एकाच जागी राहिले तर खूण उमटते.

पुस्तकाची बांधणी बघा. शिवलेली बांधणी सपाट उघडते. नुसत्या डिंकावर चिकटवलेलं जाड पुस्तक दाबून सपाट केलं की कणा तडकतो आणि पानं सुटतात. तसलं पुस्तक हातात धरूनच वाचा, त्या वेळी विणकाम बाजूला.

---

वऱ्हाडी_ठेचा · रविवार, सकाळी ७:३०

काहून जी, दोन्ही एकाच वेळी करायची एवढी कोणती घाई? ना धड वाचन, ना धड वीण. लोक मोबाइल पाहत गाडी चालवून राहिले, आता वाचत विणून राहिले!

---

मोरपिशी · रविवार, सकाळी ८:०५

ठेचाभाऊ, टोमणा पोचला, पण सुया वर्धा रोडवर नाही चालवत कोणी.

न बघता विणणं ही वेगळी शिकायची गोष्ट आहे. जमल्याशिवाय पुस्तक समोर ठेवलं तर तुमचं म्हणणं खरं ठरेल. शिकायची रीत अशी:

लोकर फिक्या रंगाची, गुळगुळीत, घट्ट पीळ असलेली घ्या. सैल पिळाची लोकर सुईच्या टोकानं दुभंगते आणि बोटांना ते कळत नाही. सुई ८ किंवा ७ नंबरची, टोक फार अणकुचीदार नको. ३० टाके घालून सगळ्या ओळी सुलट विणत जा. प्रत्येक टाका विणायच्या आधी डाव्या हाताची तर्जनी तो टाका टोकाकडे हलकेच ढकलते आणि जागेवर आहे का ते तपासते. बघण्याचं काम हे बोट करतं. पहिल्या पाच ओळी डोळे मिटून, प्रत्येक ओळीच्या शेवटी बोटांनी टाके मोजायचे. ३० चे ३० सलग पाच ओळी राहिले तर पुस्तक उघडा.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा कडेला. ओळ सुरू करताना लोकर सुईवरून मागे ओढली गेली की पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात, दोन टाके दिसतात, आणि आपण दोन्ही विणतो. म्हणून ३० चे ३२, ३२ चे ३५ होत मफलर त्रिकोणी व्हायला लागतो. पहिला टाका विणायच्या आधी लोकर सुईच्या खालून घ्यायची, वरून नाही. एवढं सांभाळलं की रुंदी वाढत नाही.

उलटा टाका न बघता विणणं सुलटपेक्षा अवघड, कारण दर वेळी लोकर पुढे आणावी लागते. एक सुलट एक उलट अशी पट्टी वाचताना विणू नका. गोल सुईवर गोल विणलं तर मात्र प्रत्येक फेरी सुलटच असते आणि कापड गुळगुळीत येतं. वाचणाऱ्यांसाठी तेच सर्वांत सोयीचं.

---

नवी_सुई · रविवार, सकाळी ११:२०

गोल सुई म्हणजे दोन टोकांमध्ये तार असते तीच ना? टोपीसाठी किती लांबीची घ्यायची? आणि मध्येच उठावं लागलं तर अर्धवट ओळीत कुठल्या बाजूला विणत होतो ते कसं ओळखायचं?

---

मोरपिशी · रविवार, दुपारी १२:१०

हो, तीच. मोठ्यांच्या टोपीला ४० सेंमीची. मफलर किंवा स्वेटरचा पाठ-पोट सपाट विणायला ६० किंवा ८० सेंमीची घ्या. सपाट विणायलाही गोल सुईच बरी, कारण सगळं वजन तारेवर मांडीत राहतं, मनगटांवर येत नाही. शिवाय एक सुई हातातून निसटून सीटखाली गेली असं होत नाही.

अर्धवट ओळ ओळखायला सोपी. गुंड्याकडे जाणारा धागा नुकत्याच विणलेल्या टाक्यातून निघतो, आणि विणलेले टाके उजव्या सुईवर असतात. म्हणून ज्या सुईला धागा लोंबतो ती उजव्या हातात. उलटं धरलं की आल्या दिशेनं परत विणलं जातं आणि मध्ये भोक पडतं. तिथे कापडाच्या एका अर्ध्याला दोन ओळी जास्त येतात. हे दहा ओळींनंतर लक्षात येतं, म्हणून चीड येते.

ओळ सुलट की उलट हे समोरच्या बाजूवरून कळतं. एकाखाली एक इंग्रजी व्ही दिसत असतील तर सुलट ओळ. गाठींसारखे आडवे उंचवटे समोर असतील तर उलट. सगळ्या ओळी सुलट असलेल्या विणीत दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, म्हणून पहिल्याच ओळीत एका बाजूला सेफ्टी पिन लावून टाका. पिन समोर म्हणजे विषम ओळ. ओळी मोजायला यंत्र नको, एक उंचवट्याची रेघ म्हणजे दोन ओळी.

दोन-चार दिवस हात लागणार नसेल तर ओळीच्या मध्ये सोडू नका. सुई जिथे अडकून राहते तिथला टाका ताणला जातो आणि धुतल्यावरही दिसतो.

---

गुंडा_पन्नासग्रॅम · रविवार, दुपारी १:४५

टोपीचं माप देऊन टाकतो, विचारणारे विचारतीलच. डोक्याचा घेर ५६ सेंमी असेल तर टोपी ५० सेंमीची विणायची, म्हणजे घट्ट बसते. १० सेंमीला २० टाके या मापानं १०० टाके. कडेची पट्टी १० नंबरच्या म्हणजे ३.२५ मिमीच्या सुईवर, दोन सुलट दोन उलट, ५ सेंमी. मग ८ नंबरच्या सुईवर साधी सुलट फेरी, कडेपासून एकूण १८ सेंमी होईपर्यंत. त्यानंतर घट: ८ सुलट, २ एकत्र, असं फेरीभर; एक फेरी साधी; मग ७ सुलट, २ एकत्र; पुन्हा साधी; असं कमी करत १० टाके उरले की धागा तोडून टाक्यांतून ओवून घट्ट ओढायचा. लोकर ६० ते ७० ग्रॅम, साधारण ६,००० टाके, म्हणजे पाच तासांचं काम.

यातला पट्टीनंतरचा, १८ सेंमीपर्यंतचा भाग प्रवासाचा आणि वाचनाचा. घट घरी. टाके कमी झाले की ४० सेंमीच्या तारेवर ते पोचत नाहीत, मोजे विणायच्या, दोन्हीकडे टोक असलेल्या सुया लागतात, आणि त्या चालत्या डब्यात सांडतात.

गोल जोडताना पहिल्या फेरीआधी सगळ्या टाक्यांची खालची कड आतल्या बाजूला आहे ना ते बघा. एक पीळ राहिला तर तो नंतर काढता येत नाही, सगळं उसवावंच लागतं.

---

बर्डीकर · रविवार, संध्याकाळी ६:३०

मेट्रोचं सांगतो. लोकमान्य नगरकडून प्रजापती नगरपर्यंत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेलात तर अर्ध्या तासाहून जास्त वेळ मिळतो. पण बहुतेकांना सीताबर्डीला बदलायचं असतं, आणि तिथे फजिती होते. पश्चिमेकडून येत असाल तर झाशी राणी चौक हे बर्डीआधीचं शेवटचं स्टेशन. ते यायच्या आधी ओळ संपवा, टोकांना रबरी टोप्या लावा, पिशवी बंद. बर्डीच्या गर्दीत उघडी पिशवी घेऊन जिना चढलात की गुंडा मागच्या माणसाच्या पायात.

रबरी टोप्या नसतील तर पेन्सिलच्या मागे लावायचं खोडरबर खोचा, तेवढंच काम करतं.

प्रवासाच्या पिशवीत एवढंच हवं: सुरू असलेला एकच लहान तुकडा, एक गुंडा, ३.५ मिमीची क्रोशाची सुई, चार सेफ्टी पिना, मोठ्या डोळ्याची बोथट सुई, बोथट टोकाची लहान कात्री, मापपट्टी. लांब पोलादी सुयांऐवजी बांबूची गोल सुई न्या. तपासणीला पिशवी उघडून दाखवावी लागली तर सगळं एका नजरेत दिसेल अशी मांडणी ठेवा.

'आपली बस'मध्ये, म्हणजे शहर बसमध्ये, विणू नका. खड्डा आणि ब्रेक, दोन्ही अचानक येतात. बसमध्ये कानानं वाचायचं. डिसेंबरात अधिवेशनाच्या दिवसांत बस जिथे अडकते तिथे अख्खी कथा ऐकून होते.

---

वऱ्हाडी_ठेचा · रविवार, संध्याकाळी ७:०२

अन् तर्री-पोहे खाऊन हात न धुता पांढरी लोकर धराल तर ती पांढरी राहणार नाही बाप्पा. हळदीचा डाग लोकरीतून निघत नाही. हेही लिहून ठेवा तुमच्या नियमात.

---

कानसेन · रविवार, रात्री ९:१५

ऐकण्याबद्दल. ऑडिओबुक विकत मिळतात ती आहेतच, पण जे पुस्तक त्या रूपात नाही ते फोनकडून वाचून घेता येतं. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये सुलभता या भागात 'सिलेक्ट टू स्पीक' असतं. ते चालू करून गूगलच्या उच्चारयंत्रात मराठी आवाज उतरवून घ्या. एकदा उतरवला की नेट नसतानाही चालतो.

अडचण फाइलची असते. जुन्या मराठी पीडीएफ बऱ्याचदा युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतात. दिसायला मराठी, पण आत वेगळीच अक्षरं. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसती चित्रं. दोन्हींतून फोन काहीतरी बरळतो किंवा गप्प राहतो. चाचणी सोपी: एक वाक्य कॉपी करून स्वतःलाच मेसेज म्हणून चिकटवा. मराठी नीट उमटलं तर वाचून होईल, नाहीतर नाही.

मराठी विकिस्रोतावर स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं टंकलिखित स्वरूपात मिळतात, ती स्वच्छ वाचली जातात. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, त्यामुळे तिथे जुनं साहित्यच सापडेल. मराठी विश्वकोशाच्या नोंदीही संकेतस्थळावर मोफत आहेत. एक मध्यम नोंद दहा-बारा मिनिटांची असते, कुकरच्या शिट्ट्यांपासून भात मुरेपर्यंतच्या वेळाला नेमकी.

वेग १ वरच ठेवा. यंत्राचा आवाज जोडाक्षरांवर अडखळतो, १.२५ केला की गिचमिड होते. माणसानं वाचलेलं १.२ पर्यंत चालतं. मेट्रोत एकाच कानात घाला, स्टेशनची घोषणा ऐकू यायला हवी.

---

पानखूण · रविवार, रात्री ९:५०

कुकरच्या वेळात ऐका, वाचा, पण गॅसजवळ विणू नका. अ‍ॅक्रिलिक ज्योतीजवळ वितळून चिकटतं, आणि लोकरीला फोडणीचा वास लागला की दोन धुण्यांत जात नाही.

काय वाचावं याबद्दल माझा आग्रह: तुकड्यांच्या वेळेला तुकड्यांचंच वाचन. दिवाळी अंक यासाठी सर्वांत चांगला. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही घडण चालत आली आहे: एक कथा, एक लेख, दोन कविता, पुढे पुन्हा कथा. एका अंकात पाच-दहा पानांचे पंचवीस-तीस तुकडे. नोव्हेंबरात घेतलेले तीन अंक पावसाळ्यापर्यंत पुरतात. त्यांचा कागद हलका आणि बांधणी पिनेची असेल तर रेहलीवर सपाट राहतात.

मोठी कादंबरी वाचायचीच असेल तर रोज १० पानं धरा, ३०० पानांना महिना. ग्रंथालयातून आणताना एकच आणा, मुदतीचा ताण नको. थांबताना परिच्छेदाच्या शेवटी नाही, पुढच्या परिच्छेदाच्या पहिल्या दोन ओळी वाचून थांबा. परत उघडल्यावर धागा लगेच लागतो. पात्रं बरीच असतील तर पानखुणेच्या पट्टीवरच पेन्सिलीनं नावं आणि नाती लिहा.

---

उलटसुलट · सोमवार, सकाळी ६:५०

छान चाललंय. एक राहिलं. काम महिनोन्महिने चालणार म्हणजे लोकरीचा लॉट नंबर, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या खेपेचा नंबर, सांभाळायलाच हवा. गुंड्याच्या कागदी पट्टीवर रंगाचा नंबर वेगळा आणि लॉटचा वेगळा असतो. रंग तोच पण लॉट वेगळा असेल तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फरक दिसत नाही, उन्हात दिसतो. दोन महिन्यांनी इतवारीत जाऊन "हाच रंग द्या" म्हणाल तेव्हा तो लॉट गेलेला असतो. म्हणून सगळी लोकर एकदम घ्या, वर एक गुंडा जास्त. पट्टी पिशवीत ठेवा, फेकू नका.

कमी पडलीच तर जुना आणि नवा लॉट दोन-दोन ओळी आलटून पालटून १५-२० ओळी विणा, मग पूर्ण नव्यावर जा. सीमारेषा दिसत नाही.

दुसरं, हाताचा ताण जागेनुसार बदलतो. प्रवासात टाके घट्ट पडतात, घरी सैल. एक बाही मेट्रोत आणि एक दिवाणावर विणली तर एक दीड सेंमीनं आखूड भरते. दोन्ही बाह्या एकाच लांब गोल सुईवर, दोन गुंड्यांनी एकदम विणा.

---

नवी_सुई · सोमवार, दुपारी २:३०

गुंडा मध्येच संपला तर? ओळ पुरेल की नाही हे आधी कळतं का?

---

गुंडा_पन्नासग्रॅम · सोमवार, दुपारी ३:१०

उरलेली लोकर कापडाच्या रुंदीवर धरून बघा. साध्या विणीच्या एका ओळीला रुंदीच्या तिप्पट लागते; टाके बंद करायला तिप्पट ते चौपट. मफलर २० सेंमीचा तर ६० सेंमी. त्याहून कमी उरली तर ओळ सुरूच करू नका, नवा गुंडा कडेला जोडा, १५ सेंमी शेपूट सोडून. ते नंतर बोथट सुईनं कडेतून ओवायचं. ओळीच्या मध्ये गाठ मारली तर ती धुतल्यावर पुढच्या बाजूला येते. गुंड्यात कंपनीची गाठ निघाली तरी तोडून कडेलाच जोडा.

---

बर्डीकर · सोमवार, रात्री ८:४०

उन्हाळ्याचं कुणी बोलत नाही! पारा ४५ ला टेकला की लोकर मांडीवर घेववत नाही.

---

मोरपिशी · सोमवार, रात्री ९:२०

एप्रिल ते जूनमध्यापर्यंत सुती दोरा. पुसणी विणा, वेळेच्या तुकड्यांना याहून सोयीचं काम नाही, कारण ओळी चार टाक्यांपासून सुरू होतात.

८ नंबरची सुई, जाड सुती दोरा. ४ टाके घालून एक ओळ सुलट. मग प्रत्येक ओळ: २ सुलट, सुईवर दोरा घेऊन एक जादा टाका, उरलेले सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो. ४४ झाले की उतरायचं: १ सुलट, २ एकत्र, सुईवर दोरा, २ एकत्र, उरलेले सुलट. दर ओळीला एक कमी. ४ उरले की बंद. तिरका चौकोन तयार होतो, बाजू वीतभराच्या आसपास, कडेनं जाळीची रांग. ५० ग्रॅमचा गुंडा पुरतो. कुठे थांबलात हे नुसते टाके मोजून कळतं, वेगळी खूण नको.

सुती दोरा ताणला जात नाही, म्हणून बोटं लवकर दुखतात; लोकरीला जितका ओढता तितका ओढू नका. घामानं बांबूच्या सुईवर दोरा अडकतो, तेव्हा धातूची सुई घ्या. हा एकच मोसम, जेव्हा धातू बरा. आणि कूलरच्या थेट झोतात बसू नका. दमट हवेनं दोरा फुगतो, टाके घट्ट पडतात, पुस्तकाची पानंही लाटा घेतात. कूलर तिरका ठेवा.

---

कानसेन · मंगळवार, सकाळी ७:१०

मनगटाचं एक. वीस मिनिटांनी सुया खाली ठेवायच्या, मुठी पूर्ण मिटून पूर्ण उघडायच्या दहा वेळा, मग हात लोंबते सोडायचे. कोपर अंगाशी, त्याखाली उशी. अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तर ओळ संपवायच्या नादाला लागू नका. त्या आठवड्यात ऐका आणि वाचा. गडद निळा, काळा, मरून रंग रात्री विणू नका, टाके दिसत नाहीत म्हणून मान पुढे येते.

---

उलटसुलट · मंगळवार, सकाळी ८:००

गडद रंग दिवसा, हे सोन्यासारखं. जाळीची किंवा वेणीची वीण करायचीच असेल तर तीही सुट्टीच्या दिवशी दिवसा. आराखडा खालून वर आणि समोरच्या बाजूच्या ओळीत उजवीकडून डावीकडे वाचतात. चालू ओळीच्या वर चिकटपट्टी लावा, म्हणजे झालेल्या ओळी दिसत राहतात आणि विणीशी ताडून बघता येतात. खाली लावली तर त्याच झाकल्या जातात. दर नक्षीच्या शेवटी टाक्यांतून वेगळ्या रंगाचा सुती धागा ओवून ठेवा. चुकलं तर तिथपर्यंतच उसवेल.

---

नवी_सुई · मंगळवार, संध्याकाळी ५:४५

शेवटचं विचारते. पावसाळ्यात लोकर आणि पुस्तकं एकाच कपाटात ठेवली तर चालतात का? डांबराच्या गोळ्या टाकू का? आणि तयार मफलर वळतोय कडेनं, इस्त्री करू का?

---

मोरपिशी · मंगळवार, संध्याकाळी ७:३०

इस्त्री नको! अ‍ॅक्रिलिकला गरम वाफ लागली की ते कायमचं लोळागोळा होतं, पीळ जातो, परत येत नाही. ओला करून टॉवेलवर मापात पसरवा, कडेनं टाचण्या, सावलीत वाळवा. आणि तो वळतोय म्हणजे सगळ्या ओळी सुलट नाहीत. एक सुलट एक उलट ओळीचं कापड कडेनं वळतंच. पुढच्या वेळी दोन्ही कडांचे ४-४ टाके प्रत्येक ओळीत सुलट विणा.

---

पानखूण · मंगळवार, रात्री ९:०५

कपाट एकच असलं तरी कप्पे वेगळे. अस्सल लोकर कसर खाते, अ‍ॅक्रिलिक खात नाही. पुस्तकांचा डिंक आणि खळ चंदेरी किडे खातात. लोकर धुऊन पूर्ण वाळवूनच ठेवा, कारण कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी येते. डांबराच्या गोळ्या थेट लोकरीवर नकोत, फडक्यात बांधा. तान्ह्या बाळाच्या कपड्यांजवळ तर अजिबात नकोत, नॅफ्थलिन काही बाळांच्या रक्ताला घातक ठरतं. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर कडकडीत वाळलेला, ओल्या पाल्यानं बुरशी येते.

कीड लागलेली अस्सल लोकर किंवा पुस्तक हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, घराच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, आणि ज्या भिंतीला कूलरची खिडकी आहे तिथे तर कपाट नकोच.

---

नवी_सुई · मंगळवार, रात्री ९:२०

कूलरची खिडकी नेमकी त्याच भिंतीत आहे. रविवारी हलवते. रेहलीला चिमटे लावायचे ते लाकडी की प्लास्टिकचे?

---

पानखूण · मंगळवार, रात्री ९:३३

लाकडी. प्लास्टिकच्याला दात असतात, कागदावर उमटतात.